चार पूर्णांक शून्य दोन टक्के

४ फेब्रुवारी, मंगळवार. सकाळी ६.१०
पाचला उठायचं ठरलं होतं. सहाला उठलो. पहिल्याच दिवशी शरीरावर जबरदस्ती नको.

नवी वही. इथे फक्त खरं लिहायचं, कारण वाचणारा मीच. चहा आजपासून बंद. लॅबमध्ये कुणावर ओरडायचं नाही. जूनच्या आत थीसिस सरांच्या टेबलावर. नऊ वर्षं झाली, सर म्हणाले दहावं मिळणार नाही. मला कुठे हवंय?

म्हातारपणी विसरेन म्हणून लिहून ठेवतो. मी प्लॅस्टिकचे सोलर सेल बनवतो. काचेवर पॉलिमरचा शाईसारखा थर, वर ॲल्युमिनियमचा ठिपका, आणि मध्ये सोन्याचे कण, एका केसाच्या रुंदीत हजारभर मावतील इतके बारीक. हे कण उजेडाला पळू देत नाहीत. डिसेंबरात साधे सेल मोजले, पडलेल्या उजेडाची ३.१ टक्के वीज झाली. जानेवारीत सोनं घातलेले मोजले, ४.०२! मध्ये काहीही बदललं नाही, फक्त टेस्टिंगचा होल्डर नवा आला. सर नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. पाठीवर थाप मारली की खांद्यावरचा धागा काढला ते कळलं नाही. थापच असणार.

वहीला खूण म्हणून एक छान काळा पत्रा सापडला. नखाएवढी चार चौकोनी भोकं आहेत. जुन्या होल्डरमध्ये असायचा, नव्यात बसत नव्हता, नुसता अडकत होता. काढून टाकला. वाया काही घालवायचं नाही, हा माझा स्वभाव.

५ फेब्रुवारी
चहा फक्त सकाळचा. एकदम सोडला तर डोकं दुखतं, आणि डोकं हे माझं मुख्य उपकरण आहे.

वर्षाची वस्तूंची मोजणी. स्टोअरवाले काका यादी घेऊन आले, चिमटे किती, काचेच्या बाटल्या किती, पत्रे किती. मला वेळ नव्हता. प्रश्नपत्रिकेला म्हटलं, कर गं सही सगळ्यावर. ती म्हणाली, दादा, न मोजता? म्हटलं, मी सांगतोय ना. केली.

प्रश्नपत्रिका म्हणजे शेजारच्या टेबलावरची. सव्वीस वर्षांची, दोन वर्षांपूर्वी आली. मला दादा म्हणते आणि दिवसभर विचारत राहते. नाव मीच ठेवलंय. लॅबमध्ये सगळ्यांना आवडलं. तिला सोडून.

१७ फेब्रुवारी, सोमवार
सरांनी मोठा निर्णय घेतला. माझी रेसिपी घेऊन प्रश्नपत्रिकेने आकडा पाचवर न्यायचा. १९ मेला तिची तपासणी आहे, बाहेरचे दोन परीक्षक येणार. तोवर निदान माझा ४.०२ तरी तिच्या हातून निघाला पाहिजे, नाहीतर तिचं रजिस्ट्रेशन रद्द. तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, घाबरतेस काय, डोळे मिटून केलंस तरी येईल. माझ्या रेसिपीवर कुणाचं तरी आयुष्य उभं राहणार. ऊर भरून आला. चहा घेतला, प्रसंगच तसा होता.

३ मार्च
तिचा पहिला आकडा: २.९. हसू आवरलं नाही. तिला म्हटलं, हात, हात! हाताला वळण नाही. काच फिरताना थेंब टाकायचा असतो तो आईने मुलाला औषध पाजावं तसा. ती म्हणाली, तसाच टाकते. म्हटलं, मग मुलाचा दोष.

सोन्याचं द्रावण डाळिंबाच्या रसासारखं लाल असतं. माझ्या बाटलीतलं जरा जांभळट झालंय. तिच्या मते कण एकमेकांना चिकटले. माझ्या मते द्रावण मुरतंय. लोणचं मुरतं, द्रावण का मुरू नये?

११ मार्च
३.०. ३.१. २.८. ३.०. बत्तीस सेल बनवले पोरीने. शनिवार-रविवारही येते. डबा आणते, तो तसाच परत नेते. माझ्या वेळी मीही असाच राबत होतो, म्हणजे राबलो असतो, तेव्हा मशीन बंद होतं.

आज तिने विचारलं, दादा, मोजताना तुम्ही मास्क लावला होता का?

मास्क म्हणजे सेलवर ठेवायचा काळा पत्रा. आमचा नकली सूर्य, म्हणजे टेस्टिंगचा दिवा, सगळ्या काचेवर उजेड पाडतो. सेल मात्र मधल्या ठिपक्याएवढाच. पत्रा नसला तर आजूबाजूचा उजेडही कडेकडेने आत घुसतो, वीज जास्त येते, आणि आपण भागतो मात्र ठिपक्याच्याच क्षेत्रफळाने. आकडा फुगतो. हे सगळं तिने मला समजावून सांगितलं. मला! नऊ वर्षं मी काय गवत कापत होतो?

म्हटलं, लावला होता. अर्थात लावला होता. डिसेंबरात लावलेला मला चांगला आठवतो. जानेवारीचं वेगळं काय सांगायचं.

राग आला, पण ताबा ठेवला. फक्त दार आपटलं.

२० मार्च
प्रश्नपत्रिकेने काय करावं? सोनं न घातलेला साधा सेल, पत्रा न लावता मोजला. ३.९ आला! आनंद नाही, काही नाही, उलट चोर पकडल्यासारखी माझ्यापुढे कागद घेऊन उभी. म्हणाली, दादा, यात सोनं नाहीच आहे. मी म्हटलं, या खोलीत नऊ वर्षं सोन्याचं काम चाललंय, हवेत, टेबलावर, चिमट्यांवर कण असणारच. सोन्याचा गुण खोलीभर पसरलाय. तिने कागदाची घडी करून वहीत ठेवली. पटलं असावं.

मग स्टोअरमध्ये जाऊन पत्रा मागून आली. काका म्हणाले, एकच आहे आणि तो तुमच्याच खोलीत आहे, यादीवर तुमचीच सही आहे. तिने सगळे कप्पे उपसले. मीही मदत केली. माझे कप्पे मीच बघितले.

२ एप्रिल
तिने काळ्या जाड कागदाचा मास्क कापला. ब्लेडने, पट्टी लावून. पोरकटपणा. तो लावून मोजलं की साधा सेल ३.०, सोन्याचा ३.०. म्हणते, दादा, सोन्याने काहीच होत नाहीये. मी म्हटलं, कागदाच्या मास्कवर विज्ञान चालत नाही, कड फुगते. कोणता परीक्षक मानेल? ती म्हणाली, म्हणून तर पत्र्याचा शोधतेय.

४.०२ वरचा माझा पेपर जर्नलकडे गेलाय, त्यांचा एकच प्रश्न आलाय: मोजमापाला मास्क वापरला होता का? काय एकेकाला सुचतं. ‘होय’ असं लिहून पाठवलं. एक शब्द. थोडक्यात उत्तर देणं ही कला आहे.

उद्यापासून संध्याकाळी चालायला जाणार.

१३ एप्रिल, रविवार. दुपारी
चालायला गेलो नाही, हवा कोंदट आहे.

हिने टेबल पुसताना वही उचलली आणि पत्रा खाली पडला. ही चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवते, तिला अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्यांनी कळतो. पत्रा खिडकीपाशी धरून म्हणाली, अहो, ही भोकं मशीनने पाडलीत, किती नेटकी आहेत. मागे नंबरही कोरलाय. कुणाच्या तरी कामाचा असेल. मी म्हटलं, भंगार आहे. ती म्हणाली, भंगारावर नंबर कोरतात?

बायकांना प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतं. जेवण गेलं नाही. तिने विचारलं, तब्येत बरी आहे ना? म्हटलं, हवा.

१४ एप्रिल, सोमवार. सकाळी ७.३०, लॅब
कुणी यायच्या आत आलो. पाचला उठलो, पहिल्यांदाच! संकल्प पाळता येतो.

फक्त कुतूहल म्हणून पत्रा लावून बघितला. नव्या होल्डरचे दोन स्क्रू सैल केले की बसतो. आधी करून बघायला हवं होतं, पण घाई होती.

सोन्याचा: ३.०३. साधा: ३.०६.

पुन्हा मोजलं. सोन्याचा ३.०२. साधा ३.०६.

दिवा जुना झालाय. दिवा जुना झाला की असं होतं. सेलही जानेवारीचे, आता एप्रिल. माणूससुद्धा तीन महिन्यांत थकतो. अशा एका सकाळच्या आकड्यांवरून नऊ वर्षांचं काम मोडीत काढायचं, याला शास्त्रीय वृत्ती म्हणत नाहीत. पत्रा पुसून पुन्हा वहीत ठेवला, तिथे तो सुरक्षित आहे.

आठ वाजता प्रश्नपत्रिका आली. डोळे लाल होते. म्हणाली, आज लवकर, दादा? म्हटलं, हो. ती म्हणाली, तुम्हीच एकदा मला तुमच्या हाताने करून दाखवाल का, म्हणजे कुठे चुकतं ते कळेल. म्हटलं, बघू. पुढच्या आठवड्यात.

सरांना सांगायला हवं. सांगणार. जर्नलचं उत्तर आलं की लगेच.

२३ एप्रिल
पुढचा आठवडा हाच होता, पण मला पाठदुखी.

२९ एप्रिल
पेपर स्वीकारला! सरांनी सगळ्यांना केक दिला. प्रश्नपत्रिकेने अभिनंदन केलं. बशीतला केक तसाच ठेवून पुन्हा मशीनवर गेली. मला जरा वाईट वाटलं. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. आता सांगणं अवघड झालं. कालपर्यंत सोपं होतं, काल सांगायला हवं होतं. पण काल कुठे ठाऊक होतं की आज पेपर येईल?

सर म्हणाले, याच्या जोरावर तुला इथेच कायम करून घेता येईल. हिला फोन केला. फोनवर ती रडली. नऊ वर्षं एकटीच्या पगारात घर ओढतेय. आता कोणत्या तोंडाने काय सांगू?

९ मे
तिने शंभरावा सेल बनवला. २.९८. वहीत प्रत्येक सेलचा नंबर, तारीख, खोलीतली आर्द्रता, सगळं लिहिते. अक्षर सुरेख आहे. मी सहज चाळली. शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलंय, ‘माझ्या हाताला काय झालंय?’

मार्चमध्ये हातांचं मीच बोललो होतो. ते विनोदाने होतं.

१८ मे, रविवार
सगळं ठरवलंय. उद्या तपासणीत परीक्षकांनी मास्कचा विषय काढला की मी उभं राहायचं आणि शांतपणे सांगायचं, नव्या होल्डरमुळे थोडा गोंधळ झाला होता, मुलीचे आकडे बरोबर आहेत. आरशासमोर तीनदा म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा आवाज चांगला लागला. पत्राही खिशात घेऊन जाणार. ही म्हणाली, आज आनंदात दिसता.

१९ मे, सोमवार. संध्याकाळी ५.४०
पत्रा दुसऱ्या शर्टच्या खिशात राहिला.

तिने अर्धा तास मांडणी केली. मुद्दे बरोबर होते, मानायला हवं. कागदी मास्कचे आकडे दाखवले. चष्मेवाले परीक्षक म्हणाले, कागदाचा? सर टेबलाकडे बघत बसले. मग परीक्षकांनी माझ्याकडे वळून विचारलं, मूळ मोजमापाला तुम्ही पत्र्याचा मास्क वापरला होता ना?

मी मान हलवली.

मान हलवणं म्हणजे हो म्हणणं नव्हे. मान अनेक कारणांनी हलते. त्यांनी आणखी एकदा नीट विचारलं असतं तर मी सविस्तर बोललो असतो. नाही विचारलं. घाई असते लोकांना.

निकाल: मूळ काम भक्कम, विद्यार्थिनीच्या हातात कौशल्य नाही. रजिस्ट्रेशन रद्द. तिने थँक्यू म्हटलं. सगळ्यांना. मलाही, दादा म्हणून.

मग बाथरूमच्या दाराबाहेर बराच वेळ नळाचा आवाज येत होता. मी जिन्यावरून परत फिरलो. सांत्वन करायला योग्य शब्द लागतात, ते तयार नव्हते.

३० मे, शुक्रवार. दुपारी ३.००
आज तिचा शेवटचा दिवस. जाताना प्रत्येक खात्याकडून ‘काही बाकी नाही’ अशी सही घ्यावी लागते, त्याशिवाय ऑफिस मूळ सर्टिफिकेटं परत देत नाही. लायब्ररीची झाली, हॉस्टेलची झाली. स्टोअरमध्ये अडकलं. काका यादी वाचत गेले: चिमटे चार, आहेत. बाटल्या बारा, आहेत. पत्र्याचा मास्क एक, नाही. यादीवर सही तिची.

तिने माझ्याकडे बघितलं. म्हणाली, दादा, तुमच्या बघण्यात कुठे आला का हो?

म्हटलं, मीही शोधतोच आहे.

काका म्हणाले, मग लिहून दे, माझ्याकडून हरवला म्हणून, खाली एक साक्षीदार. तिला सोमवारी नव्या नोकरीवर सर्टिफिकेटं दाखवायची आहेत. दोन मिनिटं पेन धरून उभी राहिली. मग त्या सुरेख अक्षरात लिहिलं, ‘मास्क माझ्या निष्काळजीपणामुळे हरवला.’ साक्षीदाराची सही माझी. कुणीतरी करायलाच हवी होती, तिचंच काम अडलं होतं.

एक पत्रा हरवल्याने कुणाचं काही बिघडत नाही. आता तिला चांगला निरोप द्यायचा. काहीतरी मोठेपणाचं बोलायचं. निरोप घ्यायला येते म्हणालीय. आधी चहा घेऊन येतो.

३० मे. सायं. ६.१०
चहाला रांग होती. परत आलो तर ती येऊन गेली होती. शिपाई म्हणाला, दहा मिनिटं तुमच्या खुर्चीशेजारी उभी होती.

वही टेबलावरच होती. मिटलेली. मी मिटली होती का? मिटलीच असणार.

खूण नाही. म्हणजे आहे, पण पत्र्याची नाही. १४ एप्रिलच्या पानावर काळा जाड कागद, चार भोकं, ब्लेडने कापलेली. मागच्या बाजूला पेन्सिलीने: ‘दादा, ही खूण ठेवा.’ बाकी काही नाही. शिवी नाही, काही नाही.

किती वाचलं असेल? दहा मिनिटांत माणूस बरंच वाचतो. माझं अक्षर मात्र वाईट आहे.

३१ मे, शनिवार
स्टोअरवाल्या काकांचा फोन. आनंदात होते. म्हणाले, साहेब, मास्क सापडला बघा! पोरगी काल चार वाजता स्वतः आणून देऊन गेली. मी तिची ‘हरवला’वाली चिठ्ठी फाडून टाकली. विचारलं, कुठे मिळाला गं? म्हणाली, दादांच्या वहीत, चौदा एप्रिलच्या पानावर. तसंच रजिस्टरमध्ये लिहिलंय.

काकांची ही सवय मला आधीपासून आवडत नाही. माणूस सांगेल ते शब्दन् शब्द लिहितात.

विचारलं, त्यात थोडी दुरुस्ती करता येईल का? म्हणाले, शाईने लिहिलंय साहेब. सोमवारी महिन्याचं रजिस्टर सरांच्या सहीला जातं.

१ जून, रविवार. दुपारी ४.३०
हिला सांगितलं. सगळं नाही, निम्मं. हिने कणीक मळायची थांबवली. कायमच्या नोकरीचं काय होणार ते विचारेल असं वाटलं, त्याचं उत्तर तयार होतं. तिने विचारलं, ती पोरगी आता कुठे गेली?

म्हटलं, माहीत नाही. नोकरी लागलीय कुठेतरी.

कसली?

विचारलं नाही.

ही म्हणाली, दोन वर्षं शेजारच्या टेबलावर होती ना हो? आणि पुन्हा कणीक मळायला लागली.

मी जे केलं ते वाईट केलं. हे लिहून पेन खाली ठेवलं होतं, पुन्हा उचललं. ते अगदी एकट्या माझ्यामुळे झालं असंही नाही. होल्डर नवा नसता तर काहीच झालं नसतं. शिवाय सरांना सांगायचा माझा विचार होता, तशी नोंद १४ एप्रिलला याच वहीत आहे. हवं तर वही दाखवीन. नको, वही नको.

कागदाची खूण हलकी आहे, वही उघडली की पडते. सकाळपासून पाच वेळा उचलली. कड मात्र सरळ कापलीय, कुठेही फुगलेली नाही. पट्टी लावून बघितलं.

ठरलं. उद्या पहाटे पाचला उठायचं, रजिस्टर पोचायच्या आत सरांच्या घरी जायचं आणि सगळं सांगून टाकायचं. मग तिचा पत्ता काढायचा. ही म्हणाली, गजर लावून देऊ का?

म्हटलं, नको. मला आपोआप जाग येते.